इंग्लंडांतील खेड्यांचा वारसा आणि त्याचे खरे राखणदार

इंग्लंड पाहून येणारे आमच्याकडील लोक लंडन शहराचें, राजवाड्यांचें व पुलांचें वर्णन तोंड भरून करितात. अलीकडे त्यांत तेथील खेड्यापाड्यांच्या वर्णनाचीही भर पडूं लागली आहे. हिरवीं कुरणें, दगडी गडगे, झुडपांचीं कुंपणें, जुनीं प्रार्थनामंदिरें, सरदारांचे वाडे, हें सर्व पाहण्यास दरसाल लक्षावधि माणसें शहराबाहेर पडतात, आणि त्या देशांत या पाहण्यावर एक मोठा धंदाच उभा राहिला आहे. हीं वर्णनें वाचतांना आम्हांस एक गोष्ट नेहमीं खटकते. वाड्याच्या धन्याचें नांव पाटीवर असतें. परंतु ज्या देखाव्यासाठीं माणूस इतक्या दूर आला, तो देखावा ज्यानें पिढ्यान् पिढ्या नांगरून, कापून व चारून तयार केला, त्याचें नांव बहुधा कोठेंच नसतें. आमचें म्हणणें असें आहे कीं, इंग्लंडांतील ग्रामीण वारशाचा खरा राखणदार तेथील शेतकरी व कूळ हाच होय. आणि जेथें त्याचा हक्क, त्याची नोंद व त्याचा वाटा शाबूत राहिला, तेथेंच वारसाही शाबूत राहिला. हें म्हणणें वाचकांनीं पुढील उदाहरणांवरून पारखून घ्यावें.

पहिलें उदाहरण नॉटिंगहॅमशायर परगण्यांतील लॅक्स्टन या गांवाचें. या गांवीं राजवाडा नाहीं. एका जुन्या किल्ल्याचीं मातीचीं टेकाडें तेवढीं उरलीं आहेत. तथापि शेतीच्या इतिहासाचे अभ्यासक दुरून येथें येतात, ते गांवचें शिवार पाहण्यासाठीं. मध्ययुगांत इंग्लंडच्या पुष्कळ भागांत गांवची जिराईत दोन किंवा तीन मोठ्या शिवारांत विभागलेली असे. शिवाराच्या आंत कुंपण नसे. प्रत्येक कुळाच्या वांट्यास निरनिराळ्या शिवारांत लांबट पट्टे येत, म्हणजे चांगली व हलकी जमीन सर्वांस थोडीथोडी मिळे. एका शिवारांत हिवाळी गहू, दुसऱ्यांत वसंतांत पेरावयाचें धान्य व तिसरें पड, अशी फेरपालट साऱ्या गांवानें एकत्र करावयाची असे. ही पद्धत देशांतून जवळजवळ उठून गेली. लॅक्स्टनमध्यें मात्र वेस्ट फील्ड, साउथ फील्ड व मिल फील्ड हीं तीन शिवारें आजही फेरपालटीच्या क्रमानेंच कसलीं जातात.

त्याहून विशेष हें कीं, हें शिवार चालविणारी गांवसभाही तेथें जिवंत आहे. तिला कोर्ट लीट असें नांव आहे. नोव्हेंबरच्या अखेरीस किंवा डिसेंबरच्या आरंभीं गांवचे पंच गव्हाच्या शिवारांत फिरतात, हद्दीच्या खुंट्या तपासतात, आणि ज्यानें नांगर सामाईक रस्त्यांत किंवा गवताच्या राखीव पट्टींत घातला असेल त्याचें नांव टिपून घेतात. पुढें आठवड्याभरानें डव्हकोट इन नांवाच्या गांवच्या खाणावळींत सभा भरते व दंड ठरतो. १९७७ सालच्या कायद्यानें अशा जुन्या गांवसभांचे न्यायाचे अधिकार काढून घेण्याची तरतूद केली, तेव्हां लॅक्स्टनच्या सभेचा अधिकार मात्र राखून ठेविला.

महसूल खात्यांत ज्यांची हयात गेली त्यांस बांध कोरल्याच्या तक्रारी नव्या नाहींत. एका तासाच्या जमिनीसाठीं दोन सख्खे भाऊ कचेरीच्या पायऱ्या वर्षानुवर्षें झिजवितात, आणि वकिलाची फी जमिनीच्या किमतीच्या वर जाते, हें आम्हीं नोकरींत असतांना पुष्कळ वेळां पाहिलें आहे. लॅक्स्टनांत तसलाच तंटा शिवाराच्या एका फेरींत पुढें येतो व एका सभेंत मिटतो. याचें कारण उघड आहे. पंच हे त्याच गांवचे लोक. आज जो तपासतो तो उद्यां तपासला जाणार असतो. आणि हद्द कोठें आहे याविषयीं लेखी पुरावा मागें उभा असतो. १६३५ सालीं मार्क पिअर्स नांवाच्या मोजणीदारानें या गांवचा पट्ट्यापट्ट्यासह नकाशा तयार केला व सोबत जमिनीची तपशीलवार यादी लिहिली. तो नकाशा ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयांत जपून ठेविलेला आहे.

१९५२ सालीं हें गांव सरकारच्या शेतकी खात्यानें धन्याकडून विकत घेतलें, तें ही पद्धत मोडूं नये एवढ्याचसाठीं. १९८१ सालीं तें क्राउन इस्टेटकडे गेलें, आणि २०२० सालीं पूर्वीच्या धन्यांच्या थोर्स्बी इस्टेटकडे परत आलें. धनी तीनदां बदलला, तरी शिवार चाललें, कारण कसणारे होते व त्यांची सभा होती. उद्यां एखाद्या पिढीनें औत खालीं ठेविलें, तर धन्यानें कितीही पैसा ओतला तरी हा वारसा टिकणार नाहीं. फार तर त्याचें चित्र भिंतीवर टांगतां येईल.

येथें आपल्या दप्तराशीं जुळलेला एक धागा सांगितल्यावांचून राहवत नाहीं. फर्लांग हा शब्द तासाची लांबी या अर्थाच्या जुन्या इंग्रजी शब्दांवरून आला आहे. औताचे बैल एका दमांत जेवढें लांब तास ओढीत तेवढी ती लांबी, म्हणजे २२० यार्ड. त्या लांबीस २२ यार्ड रुंदी दिली कीं एक एकर होतो, आणि एवढी जमीन म्हणजे एका औताचें साधारण एका दिवसाचें काम असे मानीत. १६२० च्या सुमारास एडमंड गंटर यानें २२ यार्डांची, म्हणजे ६६ फुटांची मोजणीची साखळी प्रचारांत आणिली. आपल्याकडे त्या वेळच्या मुंबई इलाख्याच्या मोजणींत तिच्या निम्मी, ३३ फुटी साखळी आली; ३३ फूट लांब व तितकाच रुंद तो गुंठा, आणि ४० गुंठ्यांचा एकर. सातबाऱ्यावर आतां हेक्टर व आर लिहितात, तरी बाजारांत जमीन अजून गुंठ्यानेंच बोलली जाते. लॅक्स्टनच्या पट्ट्यांतून जन्मलेलें माप असें आपल्या बांधापर्यंत येऊन पोंचलें आहे, म्हणून त्या शिवाराची हकीकत आपणांस अगदींच परकी नव्हे.

तेथील बाकीचीं उघडीं शिवारें गेलीं कशीं, हेंही समजून घेण्याजोगें आहे. १६०४ पासून १९१४ पर्यंत इंग्लंडच्या पार्लमेंटानें जमिनीस कुंपण घालण्याविषयीं ५,२०० हून अधिक कायदे केले, व त्यांखालीं सुमारें ६८ लाख एकर, म्हणजे त्या देशाच्या एकपंचमांशाहून थोडी अधिक जमीन आली. कुंपणामुळें ज्याला त्याला आपल्या मनाप्रमाणें पीक घेतां आलें, जनावरांची निवड करतां आली, व उत्पन्नास त्याचा उपयोग झाला, हें आम्ही नाकारीत नाहीं. परंतु गांवच्या गायरानांत एक गाय चारण्याचा किंवा माळावरून सरपण आणण्याचा ज्यांचा केवळ वहिवाटीचा हक्क होता, जवळ कागद नव्हता, अशा गरिबांचे हक्क पुष्कळ ठिकाणीं बुडाले. हेल्पस्टन गांवचा शेतमजूर कवि जॉन क्लेअर यानें ही हळहळ आपल्या कवनांत मांडून ठेविली आहे. ज्याची नोंद नाहीं त्याचा वारसाही राहत नाहीं, हा धडा यांतून घेण्यासारखा आहे.

काळाची उलटापालट अशी कीं, जीं झुडपांचीं कुंपणें त्या वेळीं गरिबास बोंचलीं, तींच आज प्रेक्षणीय ठरलीं आहेत. १९९७ च्या नियमांप्रमाणें ग्रामीण भागांतील तीस वर्षें किंवा त्याहून जुनें कुंपण उपटण्यापूर्वीं बहुतेक ठिकाणीं स्थानिक अधिकाऱ्यांस आगाऊ कळवावें लागतें. मध्य इंग्लंडांतील कित्येक कुरणांत जुन्या नांगरटीचे सरी-वरंबे अजून गवताखालीं दिसतात. सूर्य कलला कीं त्यांच्या सावल्या पडतात व पाहणारे मुद्दाम त्या वेळीं जातात. हे वरंबे कोणा राजानें बांधले नाहींत. ते शेंकडों वर्षें एकाच दिशेनें चाललेल्या औतानें बांधले.

आतां पायवाटांकडे वळूं. इंग्लंड व वेल्स मिळून सार्वजनिक वहिवाटीच्या सुमारें १,४०,००० मैल वाटा आहेत, आणि खेडें पाहण्यास येणारा माणूस मुख्यतः त्यांवरूनच फिरतो. या वाटा कोणी पाहुण्यांसाठीं आंखल्या नाहींत; शेतावर, गिरणीवर, बाजारास व प्रार्थनेस जाणाऱ्यांच्या पायांनीं त्या पडल्या. माळरानावर फिरण्याचा हक्क मात्र भांडून मिळवावा लागला. २४ एप्रिल १९३२ रोजीं शहरांतील शेंकडों कामगार किंडर स्काउट या शिकारीसाठीं राखलेल्या डोंगरावर बळेंच चढून गेले. त्यांतील पांच जणांस तुरुंगवास झाला. पुढें १९४९ सालीं राष्ट्रीय उद्यानांचा व ग्रामीण वाटांचा कायदा झाला, वाटांचे अधिकृत नकाशे तयार करण्याचें काम सुरू झालें, आणि १९५१ सालीं तोच पीक डिस्ट्रिक्टचा प्रदेश देशांतील पहिलें राष्ट्रीय उद्यान झाला.

शेतकऱ्याच्या दृष्टीनें या व्यवस्थेंतील नियम लक्षांत ठेवण्यासारखे आहेत. शेताच्या मधून जाणारी पायवाट पेरणीसाठीं नांगरण्याची मुभा आहे. मात्र पहिल्या नांगरटीनंतर चौदा दिवसांच्या आंत ती चालण्याजोगी करून द्यावी लागते, व पिकांतून निदान एक मीटर रुंदीची वाट मोकळी ठेवावी लागते. शेताच्या कडेनें जाणारी पायवाट नांगरतांच येत नाहीं. म्हणजे चालणाऱ्याचा हक्क कोठपर्यंत व कसणाऱ्याचा कोठपर्यंत, हें दोघांसही आगाऊ ठाऊक असतें. जुन्या वाटांची नोंद करण्यास २००० सालच्या कायद्यानें २०२६ ची मुदत घातली होती. २०२३ सालीं ती २०३१ पर्यंत वाढविली, आणि २०२४ च्या डिसेंबरांत सरकारनें ती मुदतच रद्द करण्याचा इरादा जाहीर केला. पाणंद व शिवरस्ते यांवरून आपल्या तालुक्यांत जे तंटे चालतात ते ज्यांस माहीत आहेत, त्यांस या नोंदींचें मोल निराळें सांगावयास नको.

तिसरें उदाहरण वायव्येकडील लेक डिस्ट्रिक्टचें. तलावांचा व डोंगरांचा हा मुलूख पाहणाऱ्यांच्या फार आवडीचा आहे. मुलांच्या गोष्टींच्या प्रसिद्ध लेखिका बिॲट्रिक्स पॉटर यांनीं १९०५ सालीं येथें हिल टॉप नांवाची शेतवाडी घेतली, आणि पुढें पुस्तकांच्या मिळकतींतून व वारशाच्या पैशांतून आणखी शेतवाड्या घेत गेल्या. १९४३ सालीं त्या वारल्या, तेव्हां चार हजारांहून अधिक एकर जमीन त्यांनीं नॅशनल ट्रस्ट या संस्थेस ठेविली. ही संस्था १८९५ सालीं ऑक्टेव्हिया हिल, रॉबर्ट हंटर व हार्डविक रॉन्सली या तिघांनीं स्थापिली. बाईंच्या व्यवस्थेंतील मर्म असें कीं, त्यांनीं नुसती जमीन दिली नाहीं. डोंगरावरील शेतवाड्यांत हर्डविक जातीच्या शुद्ध मेंढ्यांचे कळप राखले जावे, अशी अटही घातली. मेंढी गेली तर डोंगराचें रूप जाईल, हें त्या स्वतः मेंढ्या पाळीत असल्यामुळें जाणून होत्या.

या मेंढ्यांविषयीं थोडें सांगणें जरूर आहे. उंच डोंगरावर कळपाकळपांमध्यें कुंपण नसतें. कोंकरूं आपल्या आईच्या मागें फिरून आपली चराईची जागा शिकतें व जन्मभर बहुधा तेथेंच राहतें. हें ज्ञान मेंढीकडून मेंढीकडे चालत आलेलें असतें. म्हणून शेतवाडी एका कुळाकडून दुसऱ्याकडे जाते तेव्हां पुष्कळदां कळपही तिच्याबरोबरच जातो. हा कळप एकदां नाहींसा झाला तर बाजारांतून विकत आणिलेल्या मेंढ्यांनीं त्याची जागा सहज भरून निघत नाहीं.

हें भय २००१ सालीं प्रत्यक्ष समोर आलें. त्या वर्षीं ब्रिटनमध्यें लाळ्या-खुरकताची मोठी सांथ आली. लेक डिस्ट्रिक्ट ज्या कंब्रिया परगण्यांत आहे त्यास तिचा तडाखा सर्वांत अधिक बसला. देशभर साठ लाखांहून अधिक जनावरें मारावीं लागलीं, आणि रोग पसरूं नये म्हणून ग्रामीण पायवाटा बंद करण्यांत आल्या. वाटा बंद होतांच पाहुणे येईनात, व खाणावळी, दुकानें, भाड्याच्या खोल्या ओस पडल्या. तेथील सरकारी हिशेबतपासनिसांच्या अहवालाप्रमाणें सरकारी तिजोरीस ३०० कोटी पौंडांहून अधिक व खासगी व्यवहारास ५०० कोटी पौंडांहून अधिक तोशीस लागली; या दुसऱ्या रकमेंत पाहुण्यांवर चालणाऱ्या धंद्यांचा वांटा मोठा होता. शेतकऱ्याच्या गोठ्यांत रोग शिरला आणि खाणावळवाल्याची चूल विझली. या दोघांचें पोट एकाच डोंगरावर आहे, हें त्या वर्षीं सर्वांच्या ध्यानीं आलें. २०१७ सालीं युनेस्कोनें या मुलुखास जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, तेव्हां तेथील मेंढपाळीची व डोंगरी शेतीची परंपराही त्या मान्यतेंत गणली गेली, हें योग्यच झालें.

वाडे व प्राचीन स्मारकें यांची निगा राखूं नये, असें आमचें मुळींच म्हणणें नाहीं. सॅलिस्बरीजवळील स्टोनहेंजचे प्रचंड शिलाखंड १९१५ सालीं लिलावांत निघाले. सेसिल चब या गृहस्थानें ते ६,६०० पौंडांस घेतले व १९१८ सालीं राष्ट्रास देऊन टाकिले. देतांना प्रवेशफी एका शिलिंगाहून अधिक असूं नये, व आसपासच्या रहिवाशांस फुकट प्रवेश असावा, अशा अटी त्यानें घातल्या. ही शेवटची अट आम्हांस विशेष मोलाची वाटते. जें ज्यांच्या गांवकुसाला लागून आहे, त्यांस तें पाहण्यास दाम पडूं नये. परंतु वाड्यास दरवाजा असतो, दरवाज्यावर तिकीट घेतां येतें, व त्यांतून छपराची डागडुजी होते. दगडी गडग्यास दरवाजा नाहीं. पाहुणा रस्त्यावरून त्याची शोभा पाहून जातो आणि ढांसळलेला दगड शेतकरी आपल्या हातानें परत रचतो. या कामाचा मोबदला कोणी द्यावयाचा, हाच खरा प्रश्न आहे. इंग्लंडांत शेतीच्या क्षेत्रावर मिळणारी सरकारी मदत २०२१ पासून उत्तरोत्तर कमी केली गेली, आणि कुंपणें, कुरणें, पाणी व वन्यजीव यांची राखण केल्याबद्दल पैसे देण्याचें धोरण आलें. तत्त्व आम्हांस मान्य आहे. मात्र ही रक्कम वेळेवर व पुरेशी मिळाली नाहीं, तर डोंगरावरील लहान शेतकऱ्याचा मुलगा शहराची वाट धरील, आणि मग राखण कोणाची करावयाची?

आमच्या म्हणण्यावर तीन आक्षेप येण्याजोगे आहेत. पहिला असा कीं, पाहुण्यांचा उपद्रवच फार. ते फाटकें उघडीं टाकितात, त्यांचीं कुत्रीं मेंढ्यांच्या मागें लागतात. हें खरें आहे. याचसाठीं वाट कोणती व शिस्त कोणती हें ठरलेलें असावें लागतें. दुसरा आक्षेप असा कीं, शोभेच्या गांवीं शहरांतील पैसेवाले सुटीसाठीं घरें घेतात, किमती चढतात, व गांवच्याच तरुणास राहण्यास घर मिळत नाहीं. लेक डिस्ट्रिक्टांत ही तक्रार मोठी आहे, आणि तिचें समाधानकारक उत्तर अद्याप कोणास सांपडलेलें नाहीं. तिसरा आक्षेप असा कीं, शेतकऱ्यास प्रदर्शनांतील बाहुलें करूं नये. हा सर्वांत महत्त्वाचा, आणि त्याचें उत्तर लॅक्स्टननेंच दिलें आहे. तेथील कुळें आज यंत्राच्या नांगरानें शेत करितात. पट्टेही सोयीसाठीं पूर्वीपेक्षां मोठे केले गेले आहेत. बदललें नाहीं तें एवढेंच कीं, शिवाराचे नियम कसणाऱ्यांच्या सभेत ठरतात. वारसा म्हणजे जुनें अवजार खुंटीला टांगून ठेवणें नव्हे. जुना करार नव्या अवजारानें पाळणें होय.

आपल्याकडेही शेतावर पाहुणे बोलावण्याचा प्रघात वाढत आहे, आणि महाराष्ट्र शासनानें २०२० सालीं कृषिपर्यटनाचें धोरणही ठरविलें आहे. ज्या शेतकरी बंधूंच्या मनांत असा विचार असेल त्यांनीं इंग्लंडच्या देखाव्याची नक्कल करूं नये. तेथील व्यवहार मात्र बारकाईनें पाहावा. प्रथम गांवच्या वाटा, पाणवठे, गायरान व देवराई यांची नोंद दप्तरांत बिनचूक आहे कीं नाहीं तें पाहावें. पाहुण्यानें कोठें जावें व कोठें जाऊं नये, हें गांवानें एकत्र बसून अगोदर ठरवावें. आणि येणाऱ्या पैशांत, ज्याच्या शेताची व जनावरांची शोभा दाखविली जाते त्याचा वाटा किती, हें लेखी असावें. या तीन गोष्टी झाल्यावर मग पाटी रंगवावयास घ्यावी. पाहुण्यांच्या रकमेवर शेती सोडून बसूं नये, हेंही सांगणें आवश्यक आहे. कारण पाहुणा ज्यासाठीं येतो ती शेतीच होय, आणि ती थांबली तर पुढील सालीं तो दुसऱ्या गांवीं जाईल. सुज्ञ वाचक याचा विचार करतील अशी उमेद बाळगून हा लेख पुरा करितों.